फॅलँक्स नखाएवढं असलं तरी लाँग बोनच

इंदूरला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला नुकत्याच लागलेल्यांसाठी लिहितेय. आकारावरून हाडांचे प्रकार हा टॉपिक सगळे एका रात्रीत उरकतात आणि वायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिल्यांदा तिथंच अडकतात. लाँग, शॉर्ट, फ्लॅट, इरेग्युलर, न्यूमॅटिक (आत हवेच्या पोकळ्या असलेली), सेसमॉइड (टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूच्या दोरीसारख्या टोकात, असलेली) ही यादी तुम्हाला येतेच, ती परत उगाळत नाही.

खरी गोम अशी, की हाड किती मोठं आहे ते बघायचंच नसतं, घडण बघायची. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, बोटाच्या टोकाचं एवढंसं हाड, फॅलँक्स, तळहातावर ठेवतात आणि तोंडातून ‘शॉर्ट’ निघून जातं. माझ्याही निघालं, मग पुढचा सगळा वायव्हा त्याच हाडाभोवती फिरला. ते जरा आडवं धरून बघा. एका बाजूला रुंद बेस, मधे बारीक शाफ्ट (दांडा), दुसऱ्या टोकाला पुन्हा पसरट. दांडा आणि दोन टोकं, म्हणजे लाँग. एका हाताची 14 फॅलँजेस आणि 5 मेटाकार्पल्स (तळहाताची हाडं), सगळी याच खात्यात. उलट टाचेचं कॅल्केनियस मुठीत धरलं तर मूठ भरते, तरी ते शॉर्ट, कारण दांडाच नाही, नुसता ठोकळा. सातवी बरगडी चांगली लांबलचक, पण फ्लॅट. बाहेरून कॉम्पॅक्ट हाडाचे दोन पातळ थर, मधे स्पंजी, मॅरोची पोकळी नाही.

इथं हुशार मुलं आणखी एक शॉर्टकट काढतात: पोकळी असेल तर लाँग. क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याजवळचं हाड, तिथंच दगा देतं. त्यात मेड्युलरी कॅव्हिटी (मॅरोची पोकळी) नसते, ते बहुतेक मेम्ब्रेनमधून (पातळ पडद्यातून) तयार होतं, तरीही लाँग. म्हणून पोकळीवर विसंबू नका, शाफ्ट शोधा.

सीनियरकडून बोन सेट घ्याल तर नेलपॉलिशने एल-आर (डावं-उजवं) रंगवलेला घेऊ नका. डोळे हाडाआधी रंग वाचतात. नेमॉनिक (पाठांतराच्या युक्त्या) वाटणाऱ्या सीनियरपेक्षा डिसेक्शन हॉलचे अटेंडंट भैया बरे, हे माझं ठाम मत. ते हाड हातात देतात आणि गप्प बसतात.

इंग्रजीची धास्तीही घेऊ नका. आपल्या मध्य प्रदेशात 2022 मध्ये पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत आली, त्यातही फीमर (मांडीचं हाड) फीमरच आहे. घरी मराठी, कॉलेजात हिंदी, वायव्हात खिचडी. सगळ्यांचं असंच चालतं.

आणि गोंधळ फक्त आपलाच नाही. बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) करणाऱ्या मैत्रिणीने सुश्रुतसंहितेतले पाच प्रकार दाखवले: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. तिथं दात हाडांतच धरलेत, बरगड्या वलयात आणि गुडघा कपालात. आपली पटेला (गुडघ्याची वाटी) मात्र क्वाड्रिसेप्स या मांडीच्या स्नायूच्या टेंडनमधली सेसमॉइड, शरीरातली सगळ्यात मोठी. कप्पे माणसांनी पाडलेत, त्यामुळे काही हाडं दोन कप्प्यांत बसतात. टेम्पोरल (कानाजवळचं कवटीचं हाड) इरेग्युलरही आणि न्यूमॅटिकही. पिसिफॉर्म 8 कार्पल्समध्ये, म्हणजे मनगटाच्या शॉर्ट हाडांत, मोजतात, पण ते फ्लेक्सर कार्पी अल्नारिस या स्नायूच्या टेंडनमध्ये असतं, म्हणून सेसमॉइड. विचारलं तर दोन्ही सांगा, टेंडनच्या नावासकट.