विम्याची मुदत बाकी असताना कार विकताय? पॉलिसीचं काय करायचं

गाडीचा सौदा ठरला की सगळं लक्ष आरसी नावावर होण्याकडे लागतं आणि विमा मागे राहतो. आरसी बदलली म्हणून पॉलिसी आपोआप बदलत नाही. आरटीओ आणि विमा कंपनी, दोन्हीकडे वेगळा अर्ज करावाच लागतो.

सौदा पक्का करण्याआधी

पॉलिसी काढून नीट वाचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, एकदमच घ्यावा लागतो. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, वेगळा असू शकतो. दोन्ही दोन कंपन्यांकडे असतील तर अर्जही दोन लागतात, आणि त्यातला एक बऱ्याचदा राहून जातो. क्लेम चालू असेल तर आधी तो निकाली काढा. नंतर बसवलेलं सीएनजी किट आरसी आणि पॉलिसी, दोन्हीवर नोंदलेलं हवं. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, काढून घ्या.

गाडी ताब्यात देताना

फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (मालकी बदलण्याचा अर्ज) भरा. कोऱ्या फॉर्मवर सही मुळीच करू नका. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. त्याच दिवशी अपघात झाला तर गाडी कोणाच्या ताब्यात होती हे त्यावरूनच ठरतं. नाशिकच्या, म्हणजे एमएच-१५ च्या गाडीचा अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा, आरटीओ कार्यालय पेठ रोडचं. विक्रेत्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे टाळू नका: आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

गाडी अधिकृत डीलरला देत असाल तर त्याच्याकडून फॉर्म २९सी ची, म्हणजे गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची, नोंद पोर्टलवर करून घ्या. मग पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते.

खरेदीदाराचे १४ दिवस

मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार थर्ड पार्टी विमा विक्रीच्या तारखेपासून नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं. ओन डॅमेजला ही सवलत नाही. समजा, नव्या मालकाने अर्ज केला नाही आणि द्वारका चौकात गाडी ठोकली. समोरच्या जखमीला भरपाई मिळेल, पण स्वतःच्या बॉनेटचा खर्च मिळणार नाही. जुन्या मालकाची आता गाडी नाही आणि नव्या मालकाचा कंपनीशी करार नाही, मग कंपनी क्लेम देणार कोणाला?

म्हणून नव्या आरसीची वाट न पाहता फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, जुनी पॉलिसी, विक्रेत्याचं संमतीपत्र आणि केवायसी घेऊन १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज द्या. आरसी आली की तिची प्रत जोडा. कंपनी गाडीची तपासणी करू शकते. विक्रेत्याचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्याच्यापुरताच असतो. खरेदीदाराने आपला वेगळा घ्यावा.

नो क्लेम बोनस कोणाचा?

विक्रेत्याचा. नो क्लेम बोनस (एनसीबी) म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत. बोनस माणसाला मिळतो, गाडीला नाही, त्यामुळे राहिलेल्या मुदतीची सवलत खरेदीदाराने कंपनीला भरून द्यायची असते. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम ८,००० रुपये होता आणि ५० टक्के बोनसमुळे ४,००० च भरले. सहा महिने बाकी असताना गाडी विकली, तर खरेदीदार २,००० रुपये आणि त्यावर जीएसटी भरेल. हा आकडा सौद्यातच बोलून घ्या, नंतर यावरूनच वाद होतात.

विक्रेत्याने विक्रीचा पुरावा देऊन कंपनीकडून एनसीबी प्रमाणपत्र घ्यावं. ते तीन वर्षं चालतं आणि पुढची कार दुसऱ्या कंपनीकडे विमा करून घेतली तरी लागू होतं. सवलत २० पासून ५० टक्क्यांपर्यंत, फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर. पाच वर्षं क्लेम न करता कमावलेला बोनस एका कागदासाठी सोडून देणं परवडणारं नाही.

फास्टॅगही त्याच दिवशी बंद करा, नाहीतर पिंपळगाव बसवंत किंवा घोटीच्या नाक्यावर दुसऱ्याच्या फेरीचे पैसे तुमच्या खात्यातून कापले जातील. आणि पोर्टलवर आरसीचं नाव बदललेलं दिसेपर्यंत डिलिव्हरी नोट जपून ठेवा.