किनारपट्टीवर कोणतं प्रशिक्षण हवं, हे कसं शोधायचं

मासेमारी आणि तिच्या जोडीची कामं करणाऱ्यांना ‘कोणता कोर्स हवा?’ असं विचारलंत की लोक आधी ऐकलेल्या कोर्सांचीच नावं सांगतात. त्यापेक्षा विचारा: मागच्या हंगामात काम कुठे अडलं, किती दिवस अडलं आणि सोडवायला बाहेरून कोणाला बोलवावं लागलं?

आधी कामांची यादी करा. तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांच्यावर थांबू नका. जाळी शिवणारे, इंजिन मेकॅनिक, फायबरची बोट दुरुस्त करणारे, बर्फ कारखान्यातले ऑपरेटर, शिंपले किंवा शेवाळाची शेती करणारे, मासळी निवडणाऱ्या-सुकवणाऱ्या बायका, सगळे धरा. बायकांचं काम ‘घरचंच’ म्हणून यादीतून हमखास गळतं, ते मुद्दाम तपासा. प्रत्येक कामापुढे तीन आकडे लिहा: करणारे किती, त्यात पन्नाशीपुढचे किती, हाताखाली शिकणारे किती. दोनच मेकॅनिक, दोघेही वयस्कर आणि शिकाऊ एकही नाही, तर ती नोंद सगळ्यात वर.

मग एकेका कामातले ६ ते ८ जाणकार दोन अर्ध्या दिवसांसाठी एकत्र बसवा. बोटमालक आणि खलाशी वेगळे बसू द्या. मालकासमोर ‘मला हे येत नाही’ असं कोणी म्हणत नाही. त्यांच्या कामातल्या कृती कार्डांवर लिहून घ्या, एका कार्डावर एकच कृती. ‘इंजिन सांभाळणे’ ही कृती नव्हे, ‘समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर बदलणे’ ही कृती (इम्पेलर म्हणजे पंपात पाणी ढकलणारं पात्यांचं चाक). प्रत्येक कार्डावर लिहा: किती वेळा करावी लागते, चुकली तर काय होतं, एकट्याने करणारे किती. क्वचित लागणारी पण जिवावर बेतणारी कामं मागे पडू देऊ नका. आग विझवणं आणि पाण्यात पडलेल्याला वर घेणं ही तशीच.

सांगितलेलं कौशल्य प्रत्यक्ष पाहून घ्या. इम्पेलर बरेच जण बदलतात. पण जुन्याची तुटलेली पाती मोजून, पुढे पाइपात किंवा हीट एक्स्चेंजरमध्ये (इंजिनाची उष्णता पाण्यात सोडणारा भाग) अडकलेले तुकडे काढणारे थोडे. ते राहिले तर पाण्याचा मार्ग अडतो आणि नवा इम्पेलर असूनही इंजिन तापतं. शिकवायचं ते नेमकं इथे.

प्रत्येक उणीव शिकवून भरत नाही. मासळी खराब होत असेल तर आधी बर्फ पाहा. उष्ण हवामानात साधारण एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरतात. बर्फ पुरेसा असूनही फक्त वर टाकला जातो, मधे थर देत नाहीत, वितळलेलं पाणी पेटीत साचतं, तर प्रशिक्षण द्या. बर्फच मिळत नसेल किंवा पेटी उष्णतारोधक नसेल, तर वर्ग घेऊन उपयोग नाही. तो पैसा बर्फावर आणि पेट्यांवर घाला.

कायद्याने लागणारे दाखले वेगळ्या रकान्यात ठेवा. मासेमारी जहाजांवरच्या प्रशिक्षणाचा १९९५ चा आंतरराष्ट्रीय करार २०१२ मध्ये अमलात आला, पण त्यातले तांडेलाच्या प्रमाणपत्राचे नियम मुख्यतः २४ मीटर किंवा त्याहून लांब जहाजांसाठी आहेत. लहान होड्यांना देशाचे नियम पाहावे लागतात. दाखला लागो न लागो, लाइफ जॅकेट पाण्यात उतरून घालायचा सराव प्रत्येकाला हवा. पडद्यावर चित्रं दाखवून तो होत नाही.

वेळापत्रक भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून लावा, बोटी बंद असतात ते दिवस निवडा. एका इंजिनाभोवती ६-८ जणच. तीन महिन्यांनी तीच कार्डं घेऊन परत जा आणि ‘एकट्याने करणारे’ हा रकाना पुन्हा भरा.