गाठ दाखवायला नेण्याआधी

कुत्र्याला अंघोळ घालताना हाताला गाठ लागली की ती दाबून बघायचा मोह आवरा. काही गाठी दाबल्या की त्यातून रसायनं सुटतात आणि सगळा भाग सुजतो. त्यापेक्षा शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, तारीख लिहा, आणि इतर गाठींसाठी अंगभर हात फिरवा. शेपटीखालीही बघा. म्हाताऱ्या, नसबंदी न झालेल्या नरांत गुदद्वाराभोवतीच्या ग्रंथींची गाठ बरीच आढळते, ती बहुधा साधी असते आणि नराच्या हार्मोनवर पोसते. म्हणून नसबंदी झाली आहे की नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगा. गुदपिशवीची (गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या वासाच्या छोट्या पिशवीची) गाठ मात्र वेगळी आणि घातक असू शकते. पाणी जास्त पितोय का, लघवीला सारखा जातोय का, दोन-तीन दिवस बघून ठेवा. या गाठीमुळे रक्तातलं कॅल्शियम वाढून तहान वाढू शकते, म्हणून ते तपासावं लागतं, पोटाची सोनोग्राफीही.

चालू औषधांच्या पट्ट्या सोबत घ्या, स्टिरॉइड असेल तर आवर्जून. गाठीत सुई घालून पेशी काढायच्या तपासणीला सहसा भूल लागत नाही. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं असेल तर किती तास उपाशी ठेवायचं, ते आदल्या दिवशीच विचारा. मुंबईत परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात जायचं तर कुत्रा घेणारी टॅक्सी आधी ठरवा. पावसाळ्यात ऐनवेळी मिळत नाही.

सुईने काढलेल्या पेशी काचेवर पसरून लगेच वाळवाव्या लागतात. जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत त्या लवकर वाळत नाहीत, म्हणून पंखा लावायला सांगायला संकोचू नका. स्लाइड तुम्हीच लॅबला नेणार असाल तर त्या आणि फॉर्मेलिनची (काढलेला तुकडा टिकवायच्या द्रवाची) बाटली एका पिशवीत ठेवू नका. फॉर्मेलिनच्या वाफेने पेशींवर रंग नीट चढत नाही. तुकड्याची बाटली रुंद तोंडाची हवी, आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या दहापट.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. आमच्या मोतीची पहिली गाठ 'चामखीळच आहे' म्हणून काढली आणि कचऱ्यात गेली. काही महिन्यांनी त्याच जागी दुसरी आली, तेव्हा पहिली काय होती हे सांगायला कुणाकडे काहीच नव्हतं. काढलेली प्रत्येक गाठ लॅबला पाठवायला सांगा, सुईचा रिपोर्ट चांगला आला असला तरीही. गुदद्वाराजवळच्या त्या ग्रंथीच्या पेशी यकृताच्या पेशींसारख्या दिसतात आणि सुईने ओळखता येतात, पण त्या आजूबाजूच्या मांसात शिरल्यात का, हे सुट्या पेशींवरून कळत नाही. त्याला अख्खा तुकडा लागतो. कडांवर शाई लावायला सांगा, म्हणजे गाठ पूर्ण निघाली की नाही ते पॅथॉलॉजिस्टला सांगता येतं.

घरी गळ्यातला प्लास्टिकचा कोन तयार ठेवा, टाके निघेपर्यंत. रिपोर्ट आला की 'कडा स्वच्छ आहेत का' एवढं विचाराच, आणि तो कागद नाण्याच्या फोटोसोबत फाइलला लावा.