इंग्लिश कायद्याचा इतिहास कसा वाचायचा? सुरुवात ताब्याच्या दाव्यापासून करा

लॉच्या पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी विचारतात की सर, इंग्लंडचा इतिहास लक्षातच राहत नाही, काय करू. वही बघितली की कळतं, १०६६ नॉर्मन, १२१५ मॅग्ना कार्टा, १६७९ हेबियस कॉर्पस, १८७३ ज्युडिकेचर ॲक्ट, अशी नुसती यादी. मीही असंच पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर महिनाभरात सगळं गेलं. नाशिकला सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) कोर्टात सिनियरांच्या हाताखाली जायला लागलो, रोज ताब्याचे आणि मनाईचे दावे बघायला लागलो, तेव्हा कुठे ते उलगडत गेलं.

तर पद्धत अशी. सन बाजूला ठेवा आणि गाऱ्हाणं धरा. माणूस काय मागायला आला होता, ते त्याला कुठल्या कागदावर मिळालं, आणि नाही मिळालं तर तो पुढे कुणाकडे गेला. वहीत प्रत्येक विषयाला एक पान द्या आणि एवढी तीनच उत्तरं लिहा.

पहिलं पान ताब्याचं. समजा निफाडकडे कुणाच्या द्राक्षबागेत चुलतभाऊ जबरदस्तीने घुसला. आपल्याकडे स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ६ आहे, सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर कोर्ट मालक कोण हे बघत बसत नाही, ताबा कुणाकडे होता आणि कायद्याचा रस्ता सोडून काढून घेतला का एवढंच बघतं, मालकीसाठी वेगळा दावा लढा म्हणतं. आता ८५० वर्षं मागे जा. दुसऱ्या हेन्रीच्या काळात, साधारण ११६६ च्या सुमारास, नॉव्हेल डिसीझिन नावाची सोय आली, म्हणजे नुकतीच झालेली बेदखली. राजाच्या चॅन्सरीतून (लेखी कामाच्या कचेरीतून) रिट, म्हणजे राजाचा लेखी हुकूम, घ्यायचं, ते शेरीफच्या (जिल्ह्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याच्या) नावे असायचं, त्याने आजूबाजूची १२ माणसं जमवायची, त्यांनी जमीन बघून यायची आणि राजाचे न्यायाधीश फिरतीवर आले की एवढंच सांगायचं, याला अन्यायाने आणि निवाड्याशिवाय हुसकावलं का. मालकीचा वाद तिथेही वेगळा. हे दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तेव्हा मला खरंच भरून आलं, कारण आपण रोज जो अर्ज टाइप करतो त्याचा सांगाडा इतका जुना आहे.

या पानावर एक गोष्ट ठळक लिहा: आधी रिट, मग हक्क. आपण आज म्हणतो हक्क आहे म्हणून दावा लावतो, तिथे उलटं होतं, तुमच्या गाऱ्हाण्यासाठी रिटचा नमुनाच नसेल तर राजाच्या कॉमन लॉ कोर्टात, म्हणजे देशभर एकच कायदा लावणाऱ्या कोर्टात, तुम्हाला दार नाही. आणि १२५८ ला सरदारांनी चॅन्सलरला, म्हणजे चॅन्सरीच्या प्रमुखाला, बांधून घेतलं की मनाने नवी रिटं काढायची नाहीत. १२८५ च्या कायद्याने मिळत्याजुळत्या प्रकरणांसाठी थोडी वाट मोकळी केली, पण चौकट घट्टच राहिली.

मग अडलेला माणूस कुठे गेला? चॅन्सलरकडे, आणि हे दुसरं पान, इक्विटीचं, म्हणजे चॅन्सलरने सद्सद्विवेकाने दिलेल्या न्यायाचं. जमीन मित्राच्या नावावर केली, माझ्या बायकामुलांसाठी सांभाळ म्हणून, आणि मित्र फिरला. कॉमन लॉ कोर्ट म्हणणार नाव त्याचं, जमीन त्याची. चॅन्सलर म्हणणार, नाव तुझं असेल पण तुझी सद्सद्विवेकबुद्धी बांधलेली आहे, दे त्यांना. ट्रस्ट यातूनच वाढला. मनाई हुकूम आणि करार प्रत्यक्ष पाळायला लावणं हेही इथलंच, कारण कॉमन लॉ कोर्ट अशा वेळी बहुतेक नुकसानभरपाईचे पैसेच द्यायचं. दोन्ही कोर्टांत भांडण इतकं पेटलं की १६१६ ला पहिल्या जेम्सने चॅन्सरीच्या बाजूने निकाल दिला आणि कॉमन लॉच्या बाजूचा सरन्यायाधीश कोक हरला. दोन्ही एका छपराखाली आले ते १८७३ ते ७५ च्या ज्युडिकेचर कायद्यांनी. नाशिकचे सिव्हिल जज एकाच दाव्यात मनाईही देतात आणि भरपाईही, म्हणून आपल्याला हे भांडण कळतच नाही, ते मुद्दाम समजून घ्यावं लागतं.

ज्युरीवर, म्हणजे दोषी की निर्दोष ते सांगणाऱ्या सामान्य माणसांच्या गटावर, फार वेळ घालवू नका, एवढं कळलं तरी पुरे की १२१५ ला चर्चने पाद्र्यांना अग्निपरीक्षेत भाग घ्यायला बंदी केली आणि फौजदारी खटल्यांत ती जागा हळूहळू ज्युरीने घेतली.

तिसरं पान हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा आणि कारण सांगा असं बजावणारं रिट, आणि इथे मात्र थांबा. १६२७ ला पाच सरदारांना राजाने कोंडलं, कारण विचारलं तर उत्तर एवढंच की राजाचा हुकूम. त्या संतापातून १६२८ चं पिटिशन ऑफ राइट आलं, पुढे १६७९ चा कायदा. आता आपला माणूस आणा, जवळच्या भगूरचे सावरकर. १९१० ला लंडनमध्ये अटक झाल्यावर त्यांच्या वतीने तिथल्या कोर्टात हेच रिट मागितलं होतं आणि ते नाकारलं गेलं. म्हणजे रिट पुस्तकात असणं आणि ते मिळणं यात किती अंतर असतं ते इथे दिसतं. आणि बाबासाहेब, ज्यांच्या नेतृत्वाखाली १९३० ला आपल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, ते लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेचे बॅरिस्टर, त्यांनीच संविधान सभेत कलम ३२ ला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं. त्या कलमात पाचही रिटं जुन्या नावांसकट बसलेली आहेत, फक्त आता ती राजाची मेहेरबानी नाही.

सनांच्या बाबतीत दोन खड्डे आहेत तेवढे सांभाळा. बिल ऑफ राइट्स कुठे १६८८ दिसेल कुठे १६८९, कारण तेव्हा कायदा अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून लागू धरायचे, तो दिवस फेब्रुवारीतला, आणि इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. तसंच मॅग्ना कार्टा १२१५ चा, पण कायद्याच्या पुस्तकात जो आहे तो १२९७ चा, म्हणून निवाड्याशिवाय कुणाला कोंडू नये म्हणणारं गाजलेलं ३९ वं कलम तिथे २९ व्यात सापडतं. परीक्षेत लिहिताना कुठली प्रत ते सांगा.

पहिल्या आठवड्यात फक्त ताब्याचं पान भरा. सुट्टी नसेल त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर बसा, ताब्याच्या एखाद्या दाव्याची उलटतपासणी ऐका, आणि वकील मालकीवर घसरला की समोरचा ऑब्जेक्शन घेतो का बघा. मग घरी येऊन त्या १२ माणसांना विचारलेला प्रश्न परत वाचा.