'का' विचारू नका, कागद मागा: माहिती अधिकाराच्या अर्जात या चुका टाळा

महिन्यातून चार-पाच जण तरी माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा घेऊन माझ्याकडे येतात. शेवटची ओळ मी न वाचताच सांगू शकतो: 'तरी संबंधितांची चौकशी होऊन कडक कारवाई व्हावी, ही विनंती.' आधी ही ओळ खोडा. तक्रार वेगळी आणि माहितीचा अर्ज वेगळा. दोन्ही एकाच कागदावर आलं की तो कागद तक्रार म्हणून दुसऱ्या टेबलावर सरकतो आणि तिथेच मुरतो.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'का' विचारणं. मीही ती केली आहे. गावचा रस्ता सहा महिन्यांत उखडला आणि मी तावातावाने लिहिलं: 'रस्ता निकृष्ट का झाला? याला जबाबदार कोण?' तिसाव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. मागणी प्रश्नार्थक आहे, माहितीच्या व्याख्येत बसत नाही. तेव्हा फार चिडलो होतो, पण उत्तर देणाऱ्या माहिती अधिकाऱ्याचं चुकलं नव्हतं. 2005 चा कायदा जे दप्तरात आहे ते देतो. जे दप्तरातच नाही ते तुमच्यासाठी नव्याने तयार करून द्यायला कार्यालय बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2011 साली उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

दुसऱ्या अर्जात एकही प्रश्नचिन्ह नव्हतं, फक्त कागदांची नावं होती: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (काम मोजून नोंदवायची वही) त्या कामाची पानं, चाचणी अहवाल, अंतिम देयक. शिवाय आधी नस्तीची, म्हणजे कामाच्या फायलीची, पाहणी मागितली. मोजमाप पुस्तिका उघडली तर दीड किलोमीटरभर खडीच्या थराची जाडी एकसारखी! कुठे एका मिलिमीटरचा फरक नाही. एवढा सरळ रस्ता आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेला नाही. 'का'चं उत्तर त्या पानावर होतं, फक्त कुणी ते लिहून देणार नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय अशी: आधी पाहणी, मग पानांचे नंबर टिपून हवी तेवढीच पानं मागायची. उतावळ्यांना हे पटत नाही. त्यांना 'सन 2010 पासूनच्या सर्व कामांची संपूर्ण माहिती' हवी असते. मग पत्र येतं, साडेचार हजार पानं, 2 रुपये दराने 9,000 रुपये भरा. की हे लोक गप्प. कार्यालयाला दुसरं काय हवं असतं?

किरकोळ चुका भराभर सांगतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, ही 2012 पासूनची अट आहे. राज्याच्या कार्यालयाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, पण रेल्वेला किंवा केंद्राच्या इतर कार्यालयाला पोस्टल ऑर्डर लावा, नाहीतर अर्ज जसाच्या तसा परत येईल. माहिती कशाला हवी ते लिहू नका, कायदा विचारत नाही. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. 'इथे नाही, तिकडे जा' हे तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. आणि आवकचा शिक्का, सही, तारीख असलेल्या पोचेशिवाय अर्ज दिला असं म्हणूही नका.

आता माझी दुसरी दुखरी नस: पहिलं अपील. उत्तराच्या मुदतीचे तीस दिवस उलटले की लोक एकतर फोन करत बसतात, नाहीतर थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहितात. अहो, पुढचे तीस दिवस अपिलाचे असतात आणि ते तुमच्या फोनसाठी थांबत नाहीत. 20 रुपयांचा स्टॅम्प लावायचा, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे माहिती अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे, द्यायचं. तिथेही काही झालं नाही तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

आणि पाकीट फेकू नका. एका कार्यालयाने मला शुल्क भरायचं पत्र पाठवलं. पत्रावर तारीख सत्ताविसाव्या दिवसाची, हातात पडलं बेचाळिसाव्या दिवशी. अपिलाच्या सुनावणीत कारकुनाने जावक नोंदवही उघडून दाखवली, 'हे बघा साहेब, मुदतीतच पाठवलंय.' मी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते दोनदा उलटंपालटं केलं, ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं आणि पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख स्वतःच मोठ्याने वाचली: एकोणचाळिसावा दिवस. मुदत टळली की माहिती फुकट द्यावी लागते, कलम 7(6). ती 212 पानं मला एकही पैसा न भरता मिळाली. माझ्या फायलीत आजही प्रत्येक पत्राला त्याचं पाकीट टाचलेलं असतं. घरचे हसतात.

'अर्ज मागे घ्या, बसून मिटवू' असा निरोप आला आणि जो बसायला गेला, त्याचा मसुदा मी पुन्हा हातात घेत नाही. असल्या चार जणांमुळे खऱ्या अर्जदारालाही ब्लॅकमेलर म्हणायची सोय होते.

शेवटची चूकही उतावळेपणाचीच. कागद हातात पडला की तासाभरात पत्रकार परिषद. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 साली जनसुनवाया, म्हणजे गावकऱ्यांसमोरच्या जाहीर सुनावण्या, सुरू केल्या, तेव्हा हजेरीपट आणि बिलं गावातच लोकांसमोर वाचली. ज्यांच्या नावावर मजुरी निघाली तेच समोर बसलेले. मीही ते मोजमापाचं पान ग्रामसभेत वाचलं. जाडीचे आकडे मी मोठ्या ऐटीत सांगत होतो, तारीख मात्र ओघात वाचून पुढे गेलो होतो. ओढ्याकाठी राहणाऱ्या एका आजीने हात वर केला. "थांब बाबा, ती तारीख परत वाच. त्या दिवशी माझी शेळी वाहून गेली. रस्त्यावर कंबरेएवढं पाणी होतं, मोजलं कुणी?"