या चुका टाळा : नाशिकहून कॅमेरा घेऊन आशियात फिरायला निघताना

स्वतःच आखलेल्या दौऱ्यात फोटो हातचे जातात, त्याची कारणं बहुधा साधी असतात. बॅग भरताना, हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडताना किंवा रात्री कार्ड रिकामं करताना ती घडतात. यातल्या निम्म्या चुका नाशिक सोडण्याआधीच सुधारता येतात.

कागदपत्रांवरचं नाव

आपल्याकडच्या पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेकदा एकाच रकान्यात असतं, आडनाव दुसऱ्या. ऑनलाइन अर्जात घाईघाईने मधलं नाव गळतं. व्हिएतनामच्या ई-व्हिसात ही चूक महागात पडते, कारण नाव जुळलं नाही तर मुंबईतच विमानात बसू देत नाहीत. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला यंत्रासाठी छापलेल्या दोन ओळी असतात. त्यांत आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरा. तारीखही तपासा. मुंबईचं विमान मध्यरात्रीच्या आसपास सुटणारं असेल, तर निघण्याची आणि पोहोचण्याची तारीख वेगळी पडते, आणि व्हिसात पोहोचण्याची तारीख धरायची असते. थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड लागतं. ते पोहोचण्याआधीच्या ३ दिवसांत सरकारी संकेतस्थळावर मोफत भरता येतं. त्याचे पैसे मागणाऱ्या साइटवर पासपोर्टची माहिती देऊ नका.

बॅटरी आणि वजन

पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकल्या, की ती बॅग उघडली जाते आणि वस्तू काढून घेतली जाते. त्या हातातल्या बॅगेतच ठेवा, टोकांवर चिकटपट्टी लावा. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-अवर आहे. हिशोब सोपा : मिलिअँपिअर-अवरला १००० ने भागा, ३.७ ने गुणा. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. ३०,००० ची १११ होते आणि विमान कंपनीची परवानगी लागते. छापील आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती अडते. चीनमधल्या देशांतर्गत विमानांत जून २०२५ अखेरपासून ३सी शिक्का (चीनचं सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह) नसलेली पॉवर बँक चालत नाही, आणि आपल्याकडे घेतलेल्या बहुतेकींवर तो नसतो.

स्वस्त विमानांत हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा ७ किलो असते. बॉडी, दोन लेन्स आणि लॅपटॉप मिळून ती सहज ओलांडली जाते. घरीच काट्यावर वजन करा. ट्रायपॉड चेक-इनमध्ये टाका.

दमटपणा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि सगळ्यात कमी तयारीही इथेच असते. बँकॉक, कोलंबो किंवा सायगावमध्ये खोलीचा एसी २१ अंशांवर आणि बाहेर ३२ अंशांची दमट हवा असते. थंड काचेवर बाष्प बसतं, लेन्स पांढरी पडते. अशा वेळी लोक पुसत बसतात. पुसलं की पुन्हा धुकं, आणि रेघाही. लेन्स काढली तर तेच बाष्प सेन्सरवर जातं. योग्य क्रम असा : बाहेर पडण्याआधी कॅमेरा घट्ट झिप पिशवीत घाला, बाहेर आल्यावर पिशवी न उघडता अर्धा ते पाऊण तास थांबा. पहाटेचा फोटो हवा असेल तर तेवढं आधी उठावं लागतं. बाथरूममध्ये एसीची हवा पोहोचत नसेल, तर रात्री कॅमेऱ्याची बॅग तिथे कोरड्या जागी ठेवली तरी काम होतं.

थंडीत याच्या उलट. लडाख, किर्गिझस्तान किंवा मंगोलियात बाहेर काढलेले फोटो ठीक येतात, घोळ होतो तो गरम खोलीत शिरताना. बाहेरच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा पिशवीत बंद करा आणि दोनेक तास उघडू नका. थंडीत बॅटरी संपल्यासारखी दिसते. आतल्या खिशात ऊब मिळाली की ती पुन्हा चालते, म्हणून लगेच फेकू नका.

नाशिकला परतल्यावर श्रावणात कॅमेरा कापडी बॅगेतच कपाटात राहिला, तर लेन्सवर बुरशी धरते. ती काचेच्या थराला कायमची खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ५० टक्के आर्द्रता बरी.

प्रकाश कुठून येतो ते न पाहणं

कंबोडियातल्या अंगकोर वाट मंदिराचं मुख पश्चिमेला आहे. सूर्योदयाला सूर्य मनोऱ्यांच्या मागे असतो, म्हणून तिथे फक्त काळी आकृती आणि रंगीत आकाश मिळतं. शिल्पं आणि दगडाचा रंग हवा असेल तर दुपारनंतर जा. पहाटे तळ्याकाठी गर्दीत उभं राहून एक्सपोजर (कॅमेरा किती प्रकाश घेणार, ते माप) मनोऱ्यांवर धरणं ही नेहमीची चूक. आकाशावर धरा. पास संध्याकाळी ५ नंतर घेतला तर दुसऱ्या दिवसासाठी लागू होतो आणि त्या संध्याकाळीही आत जाता येतं. सराव रामकुंडावर करा. सकाळी एकदा पूर्वेकडे तोंड करून, एकदा पाठ करून तोच घाट टिपा, फरक डोळ्यांना दिसेल.

ऋतूंचंही तसंच. आपला हिवाळा सगळीकडे चालत नाही. व्हिएतनामच्या होई आनमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतात, आणि थायलंडच्या चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर डोंगर झाकून टाकतो. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर पाऊस नैऋत्येला असतो, तेव्हा पूर्व किनारा मोकळा असतो.

परवानगी

परदेशात घेतलेला ड्रोन भारतात आणण्यावर २०२२ पासून बंदी आहे. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तो गंभीर अपमान मानला जातो. जपानमध्ये क्योटोच्या गिओन या जुन्या वस्तीतल्या खाजगी गल्ल्यांत शिरल्यास १०,००० येन दंडाचे फलक आहेत. महागडं साहित्य नेत असाल तर निघतानाच कस्टम्सकडे सीरियल नंबर दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना नवीन खरेदी समजून शुल्क मागितलं जाणार नाही.

कार्ड आणि घड्याळ

२५६ जीबीच्या एका कार्डावर सगळा दौरा ठेवू नका. ६४ जीबीची चार कार्डं बरी. रोज रात्री दोन ठिकाणी प्रत करा, आणि त्यांतली एक डिस्क वेगळ्या बॅगेत ठेवा. चीनमध्ये गुगल ड्राइव्ह उघडत नाही, क्लाउडवरच्या प्रतीवर विसंबू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ स्थानिक वेळेवर लावा. नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, फोटो वेळेवरून नकाशावर लावत असाल तर तेवढ्यानेही ठिकाणं सरकतात. कार्डाने ‘एरर’ दाखवला तर फॉरमॅटचं बटण दाबू नका, त्यावर पुढचा एकही फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढा, लॉकची कळ सरकवा आणि घरी रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. नवीन फोटो लिहिले गेले नसतील, तर जुने बरेचसे परत मिळतात.