एकच मैदान, तीन शाळा: खेळाच्या हंगामाचे वेळापत्रक कसे बसवावे

विदर्भातल्या बऱ्याच गावांत खेळायला मोकळी जागा एकच असते आणि गावातल्या दोन-तीन शाळांना ती वाटून घ्यावी लागते. ती संस्थेच्या हायस्कूलची असेल, जिल्हा परिषद शाळेची असेल, नाहीतर गावाला लागून असलेली ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान, जमीन. पहाटे तिथे पोलीस भरतीची मुले धावतात, दुपारी शाळेचे तास होतात, संध्याकाळी क्रिकेट चालते आणि कुठे कुठे आठवडी बाजारही तिथेच भरतो. वेळ कागदावर ठरलेली नसली की ज्याचा आवाज मोठा, त्याचे मैदान होते. त्यात सगळ्यात आधी मुली बाजूला सारल्या जातात. हे थांबवायचे तर वेळापत्रक हवे, आणि ते जूनच्या शेवटी शाळा उघडली की लगेच हाती घ्यावे.

आधी बस, उजेड आणि माती

बहुतेक ठिकाणी सुरुवात खेळांच्या यादीने होते. माझ्या मते ती चूक आहे. पहिल्या आठवड्यात मैदानाचे खरे तास किती आहेत ते मोजा.

आपल्याकडे जुलैत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात साडेपाचच्या आसपास. शाळा पाचला सुटत असेल तर जुलैत सुट्टीनंतर दोनेक तास मिळतात, डिसेंबरात जेमतेम अर्धा. म्हणजे "शाळा सुटल्यावर सराव" हे वाक्य दिवाळीनंतर पोकळ होते. त्यावर उपाय एकच: मुख्याध्यापकांना भेटून शारीरिक शिक्षणाच्या तासिका हिवाळ्यात शेवटच्या दोन तासांत घ्यायच्या. हे वर्गाच्या वेळापत्रकातच बसवावे लागते, म्हणून ते छापण्याआधी बोला.

मग बस. आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या मुली एसटीने किंवा मानव विकास योजनेतून शाळकरी मुलींसाठी सुटणाऱ्या बसने येतात. ती बस चुकली तर घरी जायला दुसरे काही नसते, आणि एकदा अंधार झाला की घरचे दुसऱ्या दिवशी खेळायला पाठवत नाहीत. प्रत्येक मुलीच्या नावापुढे गाव आणि बसची वेळ लिहा. हा कागद तुमच्या वेळापत्रकाचा पाया आहे.

तिसरी गोष्ट माती. काळ्या रेगडीवर चांगला पाऊस झाला की उघडीप मिळूनही तीन-चार दिवस पाय टाकता येत नाही. मुरमाड जमीन एका उन्हात मोकळी होते. ओल्या काळ्या मातीवर हट्टाने खेळवले तर पावलांचे खड्डे वाळून दगडासारखे होतात आणि पुढे महिनाभर मुलांचे घोटे मुरगळतात. पाऊस थांबल्यावर किती दिवसांनी खेळायचे, हे तुमच्या मातीकडे पाहून आधीच ठरवून लिहून ठेवा.

हंगाम उलटा मोजत या

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत, मुलामुलींच्या वेगवेगळ्या होतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी त्यांची चढण असते. तारखा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून कळतात. तालुक्याच्या सामन्याची तारीख हाती आली की तिथून मागे सहा आठवडे मोजा. तो त्या खेळाचा मुख्य काळ, आणि त्या काळात मैदानावर त्याचा हक्क जास्त.

सगळ्या खेळांत नावे देण्याचा मोह आवरा. दोन शिक्षक आणि एक मैदान असेल तर कबड्डी, खो-खो आणि मैदानी स्पर्धा (धावणे, उड्या, फेक) पुरेशा आहेत. आठ खेळांत पहिल्या फेरीत हरण्यापेक्षा तीन खेळांत मुले नीट तयार झाली तर त्यांना खेळाची गोडी लागते.

या हिशेबात शेतीही धरा. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, पूर्वेकडे धानाची कापणी. या दिवसांत मुले वावरात असतात, काही मुलांच्या घरात त्या हातांशिवाय भागत नाही. गैरहजेरीवरून नाव कापू नका. त्या दिवसांत सराव आठवड्यातून तीन दिवस ठेवा. पोळा, तान्हा पोळा, सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी हेही आधीच खोडून टाका.

मैदान टेपने मोजा

"जागा पुरत नाही" असे म्हणण्याआधी टेप घेऊन जा. समजा तुमचे मैदान जवळपास एक एकर, म्हणजे ८० बाय ५० मीटर आहे. खो-खोला २७ बाय १६ मीटर आणि भोवती दीड मीटर, म्हणजे ३० बाय १९ धरा. मोठ्या गटाच्या कबड्डीचे मैदान १३ बाय १०. व्हॉलीबॉलचे १८ बाय ९, भोवती तीन मीटर मोकळे सोडले तर २४ बाय १५. ही तिन्ही मैदाने चार-चार मीटर अंतर ठेवून एका रांगेत आखली तर ७५ मीटर लांबी आणि १९ मीटर रुंदी लागते. बाजूला ३१ मीटर रुंदीचा पट्टा उरतो. त्यात ६० मीटर धावण्याचा सराव होतो, लांब उडीचा खड्डाही बसतो. शंभर मीटरची शर्यत मात्र इथे बसत नाही, त्यासाठी गावाबाहेरचा मोकळा, बिनरहदारीचा सरळ पट्टा शोधा.

गोळाफेक आणि भालाफेक यांचा दिवस वेगळा ठेवा. भाला हातात असताना मैदानावर दुसरा कुठलाही संघ नको. यात तडजोड करू नये. लेदर बॉललाही हाच नियम लावा.

पाळ्या लावताना

आता बसचा कागद समोर घ्या आणि आधी मुलींच्या वेळा भरा. शेवटच्या तासिकेपासून बसच्या पंधरा मिनिटे आधीपर्यंत मैदान मुलींचे: सोमवार, बुधवार, शुक्रवार खो-खो आणि कबड्डी, मंगळवार, गुरुवार धावणे आणि उड्या. त्यानंतर गावात राहणारी किंवा सायकलने येणारी मुले. ती थोडी उशिरा थांबू शकतात, मुली थांबू शकत नाहीत. हे कारण मुलांना उघडपणे सांगा, त्यांना ते पटते. शनिवारी सकाळची शाळा असेल तर नंतरचा वेळ सराव सामन्यांना द्या. जिल्हा परिषद शाळेच्या लहान मुलांना दुपारच्या सुट्टीआधीचा तास सोडा.

दोन नियम तळाशी लिहा. ज्या संघाचा सामना आठ दिवसांवर आला, त्याला इतरांनी मैदान द्यायचे. आणि पावसाने गेलेली पाळी दुसऱ्याच्या पाळीत घुसवायची नाही. त्या दिवशी व्हरांड्यात व्यायाम, नियमांचा तास किंवा बुद्धिबळ घ्यावे.

गावासोबत बसा

शाळांचे आपसात ठरले तरी गावाला विचारल्याशिवाय ते चालत नाही. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), तिन्ही शाळांचे खेळाचे सर, कबड्डी मंडळाचा एखादा दादा आणि भरतीची तयारी करणारी दोन-तीन मुले-मुली यांना जुलैत एकदा एकत्र बोलवा. ठरलेले ग्रामपंचायतीच्या ठरावात येऊ द्या. ठराव असला की लग्नाचा मांडव, शंकरपट (बैलांच्या शर्यती) किंवा हिवाळ्यातले रात्रीचे कबड्डीचे सामने यांच्या तारखा तुम्हाला आधी कळतात.

भरतीच्या मुलांना अडचण समजू नका. त्यांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. त्यांची वेळ पहाटेची आणि वाट मैदानाच्या कडेने ठरवून द्या. मोबदल्यात शनिवारी फक्कीने मैदानाच्या पांढऱ्या रेषा मारायला आणि शर्यतीची वेळ घ्यायला मदत मागा. मागितली तर ती आनंदाने करतात, आणि त्यांना पाहून नववीची पोरेही पहाटे येऊ लागतात.

वेळापत्रकाच्या प्रती तिन्ही शाळांत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, महिन्याच्या शेवटी बदल एकदाच करा. रोज फोनवर बदल होऊ लागले की कोणी कागदाकडे पाहत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा मैदान सातवी-आठवीच्या मुलांना द्या, पुढचा संघ तिथूनच उभा राहतो. एप्रिलपासून ऊन्ह तापते, सकाळी आठनंतर कोणालाही मैदानावर ठेवू नका. मैदानाच्या दुरुस्तीचे काम मेमध्ये उरका. मुरूम आणि रोलरची मागणी ग्रामपंचायतीकडे मार्चमध्येच लेखी द्या, कारण पाऊस लागल्यावर काळ्या मातीत ट्रॅक्टर घातला तर पडलेल्या चाकोऱ्या वर्षभर निघत नाहीत.